गेम का अडकतो? एका उन्हाळी सुट्टीतला अभ्यास

सुट्टीत आपण सगळे देशभर विखुरतो. वसतिगृहात ज्यांच्याशी दिवसरात्र भांडतो, त्यांचीच घरी गेल्यावर आठवण येते. म्हणून या उन्हाळ्यात आमच्या सेक्शनच्या पाच जणांनी ठरवले, की रोज दुपारी ३ ते ४ एकत्र ऑनलाइन गेम खेळायचा. एक जण लखनौला, एक गुवाहाटीला, एक बेळगावला, एक जोधपूरला आणि मी झाशीला. पाच जणांची एक तुकडी, समोर दुसरी तुकडी आणि नकाशावरचे एक ठाणे जिंकायचे.

चौथ्याच दिवशी माझा लॅपटॉप अडकू लागला. ऐन मोक्याच्या वेळी पडदा थिजायचा, पाच ते आठ सेकंद काहीच हलायचे नाही आणि पुन्हा चालू झाल्यावर माझा सैनिक जमिनीवर आडवा पडलेला दिसायचा. आठवड्याभरात मित्रांनी माझे नाव 'पुतळा' ठेवले. चिडवणे एकवेळ ठीक, पण माझ्यामुळे बाकीचे चौघेही हरत होते.

हा लेख त्या बिघाडाचा शोध कसा लागला याचा आहे. शोध लागण्याआधी मी जी चूक केली, तीही यात आहे. संगणकाच्या सरांनी सुट्टीनंतर माझी नोंदवही पाहिली आणि म्हणाले, "हे लिही, पण चुकीसकट लिही." म्हणून लिहीत आहे.

आधी झालेली चूक

घरात लॅपटॉप एकच. सहा वर्षांचा जुना, ८ जीबी रॅमचा, आत फिरणारी हार्ड डिस्क. आई त्यावर हिशेब ठेवते, मी खेळतो आणि धाकटी बहीण चित्रे काढते. बाबा ईएमईमध्ये आहेत आणि सध्या लांबच्या पोस्टिंगवर आहेत. धाकटी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना दाखवायला नवे चित्र काढून ठेवते. चित्रांचा प्रोग्रॅम तिने एप्रिलमध्ये टाकला होता. माझा गेम अडकायला लागला मे महिन्यात. हिवाळ्याच्या सुट्टीत तोच गेम त्याच लॅपटॉपवर व्यवस्थित चालला होता. मधल्या काळात नवीन काय आले? धाकटीचा प्रोग्रॅम. माझ्या मते खटला तिथेच संपला.

मी प्रोग्रॅम काढून टाकला. डिस्कवर जागा हवी म्हणून तिचा चित्रांचा फोल्डरही काढला, आणि तोही शिफ्ट दाबून डिलीट केला. म्हणजे तो रिसायकल बिनमध्येही गेला नाही. मग गेम पूर्ण काढून पुन्हा डाउनलोड केला, कारण 'पुन्हा इन्स्टॉल कर' हा सल्ला प्रत्येक जण देतो.

दुपारी ३ वाजता खेळायला बसलो. बाराव्या मिनिटाला पडदा थिजला.

संध्याकाळी धाकटीने लॅपटॉप उघडला आणि फोल्डर शोधू लागली. चाळीसच्या वर चित्रे होती. मी तिला म्हणालो, "तुझ्यामुळेच लॅपटॉप हँग होत होता." ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मग आता होत नाही का?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

बाबांचा फोन

रविवारी बाबांचा फोन आला. आईने त्यांना आधीच सगळे सांगितले होते. मला वाटले आता ओरडा बसणार. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी विचारले, "वर्कशॉपमध्ये गाडी आली, ड्रायव्हर म्हणाला इंजिन बंद पडतंय, तर आम्ही लगेच इंजिन खोलतो का?"

मी म्हणालो, "नाही."

"का नाही?"

"कारण आधी बघायला हवं, नेमकं काय होतंय ते."

"मग तू काय केलंस? न बघता अर्धी गाडी खोललीस आणि एक भाग फेकूनही दिलास. तो भाग तुझा नव्हताच." थोडे थांबून ते म्हणाले, "आता एक वही घे. तीन प्रश्न लिही. नेमकं काय होतं? कधी होतं? आणि प्रत्येक वेळी सारखं काय असतं? उत्तरं मिळेपर्यंत एकही गोष्ट काढायची नाही, टाकायची नाही."

मी पाठीमागची कोरी पाने असलेली गणिताची जुनी वही घेतली. पुढचा अभ्यास त्या वहीतला आहे.

पहिला प्रश्न: नेमके काय होते?

आपण सगळ्यालाच 'हँग झाला' म्हणतो. पण तक्रारी तीन वेगवेगळ्या असतात आणि त्यांची कारणेही वेगळी असतात.

पहिली तक्रार म्हणजे लॅग. पडदा चालू असतो, आपण चालू शकतो, पण समोरचे खेळाडू उड्या मारत पुढे सरकतात किंवा मारलेली गोळी उशिरा लागते. यात संशय नेटवर जातो.

दुसरी म्हणजे थिजणे. पडद्यावरचे सगळेच थांबते, कधी कधी माउसचा बाणही थांबतो. काही सेकंदांनी आपोआप सुरू होते. यात संशय लॅपटॉपवरच जातो. प्रोसेसर, रॅम, डिस्क किंवा ग्राफिक्स यांपैकी कोणाला तरी काम झेपत नसते.

तिसरी म्हणजे क्रॅश. गेम बंदच पडतो किंवा लॅपटॉप बंद होतो. यात बिघडलेल्या फाइल, जुना ग्राफिक्स ड्रायव्हर, सदोष रॅम किंवा अति उष्णता अशी कारणे असू शकतात.

माझी तक्रार दुसऱ्या प्रकारची होती. पडदा अख्खा थिजत होता. शिवाय एक धागा माझ्या समोरच होता आणि मी तो पाहिला नव्हता. मित्रांशी बोलायला मी मोबाइल वापरत होतो आणि मोबाइल त्याच वायफायवर होता. गेम थिजलेला असताना लखनौचा मित्र ओरडायचा, "अरे पुतळा, हल ना!" त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू यायचा. नेट तुटले असते, तर त्याचा आवाजही तुटला असता.

नेटची झडती

तरी बाबा म्हणतात, वाटणे वेगळे आणि मोजणे वेगळे. म्हणून नेट मोजले.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी असते. तिथे 'आयपीकॉन्फिग' टाइप केले, की 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून एक पत्ता दिसतो. तो आपल्या राउटरचा पत्ता. मग 'पिंग' हा आदेश, त्यापुढे तो पत्ता आणि शेवटी उणे चिन्हाला जोडून 'टी' हे अक्षर दिले, की लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला हाक मारतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते लिहितो. एक सेकंद म्हणजे १००० मिलिसेकंद. कंट्रोल आणि सी दाबले की हाका थांबतात आणि किती हाका वाया गेल्या याचा हिशेब मिळतो.

अशा दोन खिडक्या उघडायच्या. एकीत घरातला राउटर, दुसरीत बाहेरचा एखादा कायम चालू असणारा पत्ता. मी ८.८.८.८ घेतला. दोन खिडक्या कशासाठी? राउटरचेच उत्तर उशिरा आले, तर दोष घरातल्या वायफायचा. राउटर लगेच उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष घराबाहेरच्या लाइनचा. हे नकाशावाचनातल्या बॅक बेअरिंगसारखे आहे. एका खुणेवरून फक्त रेषा मिळते, दोन खुणांवरून आपली जागा कळते.

पिंगच्या आकड्याला खालची मर्यादा असते, हेही समजून घ्यावे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १००० किलोमीटरवर असेल, तर जाऊन येऊन २००० किलोमीटर, म्हणजे १० मिलिसेकंद लागणारच. सर्व्हर ४००० किलोमीटरवर असेल, तर ४० लागणारच. वाटेतल्या यंत्रांचा वेळ त्यात मिळवायचा. म्हणून गेममध्ये निवडता येत असेल, तर जवळचा सर्व्हर निवडावा. आकडा थोडा मोठा असला तरी चालतो, पण तो स्थिर हवा. ३५, ३६, ३४ असे आले तर ठीक. ३५, २९०, ४०, ६०० असे आले तर खेळ बिघडणार.

काही जण म्हणतात, "आमच्याकडे व्हिडिओ छान चालतो, मग नेट चांगलंच आहे." हा पुरावा कच्चा आहे. व्हिडिओ पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मध्ये नेट दोन सेकंद गेले तरी आपल्याला कळत नाही. गेमला तसे करता येत नाही, कारण पुढच्या सेकंदाला समोरचा खेळाडू काय करणार हे अजून घडलेलेच नसते.

माझे आकडे असे होते. राउटर २ ते ४ मिलिसेकंद, बाहेरचा पत्ता ३० ते ४०. गेम थिजला असतानाही हाका चालू होत्या आणि एकही वाया गेली नाही. मग आणखी एक खात्री केली. गेममध्ये एकट्याने सराव करायचा नकाशा आहे, तो नेटशिवायही चालतो. वायफाय बंद करून तो चालवला. तिथेही पडदा थिजला. नेट निर्दोष सुटले.

ज्यांचे नेट दोषी ठरेल, त्यांच्यासाठी दोन ओळी. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ ची पोहोच लांब, पण त्यावर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. ५ ची पोहोच कमी, पण गर्दी कमी आणि वेग जास्त. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ घ्यावा. केबल लावता आली, तर सगळ्यात चांगले.

रॅम आणि डिस्कची झडती

आता लॅपटॉपच्या आत पाहायचे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' या भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेट आणि ग्राफिक्स यांचे आलेख चालू असतात. गेम थिजला की त्याच क्षणी कोणता आलेख वेडावाकडा झाला ते पाहायचे. गेम पूर्ण पडद्यावर असेल तर हे दिसत नाही, म्हणून मी गेम छोट्या खिडकीत चालवला आणि शेजारी टास्क मॅनेजर ठेवला.

पहिल्याच दिवशी मेमरीची रेघ छताला टेकलेली दिसली. माझ्या लॅपटॉपला ग्राफिक्सचे वेगळे कार्ड नाही, त्यामुळे चित्रे रंगवायलाही त्याच ८ जीबी रॅममधून वाटा जातो. त्यात मी ब्राउझरची चौदा पाने उघडी ठेवून खेळत होतो.

रॅम भरली की विंडोज त्यातले काही सामान डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. हे समजायला आपल्या वसतिगृहाचे उदाहरण घ्या. रॅम म्हणजे अभ्यासाचे टेबल आणि डिस्क म्हणजे ट्रंक रूम. टेबलावर वही असेल तर हात लांबवला की मिळते. टेबल भरले म्हणून वही ट्रंकेत ठेवली, तर प्रत्येक वेळी खाली जाऊन कुलूप उघडावे लागते. फिरणारी हार्ड डिस्क रॅमपेक्षा हजारो पटींनी संथ असते. एसएसडी बरीच जलद असते, पण तीही रॅमची बरोबरी करत नाही.

मी ब्राउझर पूर्ण बंद करून खेळलो. वापर ७.५ जीबीवरून ५ च्या आसपास आला. नवा नकाशा उघडताना जे छोटे छोटे झटके बसायचे, ते गेले. मला वाटले जिंकलो. तेराव्या मिनिटाला पडदा पुन्हा आठ सेकंद थिजला.

इथे मला एक गोष्ट शिकायला मिळाली. लक्षण एक असले तरी आजार दोन असू शकतात. छोटे झटके रॅमचे होते. मोठे थिजणे दुसऱ्याच कशाचे तरी होते. एक कारण सापडले म्हणून वही मिटायची नसते.

आणखी एक गोष्ट कळली. धाकटीचा प्रोग्रॅम बंद असताना रॅममध्ये जागा घेतच नव्हता. फोल्डरमधल्या चित्रांचा तर गेमच्या वेगाशी काही संबंधच नव्हता. डिस्क अगदी काठोकाठ भरली असेल तर संगणक मंदावतो हे खरे, पण आमच्या डिस्कवर निम्मी जागा रिकामी होती. मी हे फोल्डर काढण्याआधी पाहिले असते, तर अर्ध्या मिनिटात कळले असते.

दुसरा आणि तिसरा प्रश्न: कधी होते आणि सारखे काय असते?

आता ब्राउझर बंद ठेवून मी फक्त प्रोसेसरच्या आलेखाकडे पाहू लागलो. तिथे वेगाचा आकडा असतो. खेळताना तो २.८ गीगाहर्ट्झच्या आसपास असायचा. पडदा थिजला की तोच आकडा धाडकन ०.८ वर यायचा आणि काही सेकंदांनी पुन्हा वर चढायचा. काम भरपूर आहे आणि तरी प्रोसेसर हळू पळतो आहे, असे का?

उत्तर संगणकाच्या पुस्तकात आहे. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ही मर्यादा प्रोसेसरनुसार बदलते, पण साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात असते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. आपण जूनमध्ये क्रॉस कंट्री पळताना दम लागला की चालायला लागतो, तसेच हे. गेमला सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्राला जेमतेम १६ ते १७ मिलिसेकंद मिळतात. वेग एकदम तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली आला, तर पडदा थिजणारच.

पण हे अजून अनुमान होते. एक अनुमान मी आधी शिक्षा देऊन बसलो होतो, म्हणून यावेळी आधी चाचणी घेतली. वही चाळली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या होत्या. गेम दुपारी जास्त अडकतो. आणि मी नेहमी पलंगावर गादीवर बसून खेळतो. हिवाळ्यात मी टेबलावर खेळायचो. मे महिन्यात टेबलाचा कोपरा तापतो म्हणून कूलरसमोर पलंगावर आलो. म्हणजे हिवाळा आणि उन्हाळा यांच्यात धाकटीच्या प्रोग्रॅमशिवाय आणखी दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि त्यातली एक मीच बदलली होती.

वेळ दोन आणि जागा दोन, म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडी तीन वेळा. सकाळी एक आणि दुपारी एक, अशा सहा दिवसांत बारा चाचण्या. प्रत्येक वेळी तोच सरावाचा नकाशा, तीच सेटिंग, चार्जर लावलेला, ब्राउझर बंद आणि आधी किमान एक तास लॅपटॉप बंद. चार्जर यासाठी, की बॅटरीवर असताना बरेच लॅपटॉप शक्ती वाचवायला आपणहून हळू चालतात आणि मग मोजमाप बिघडते. पहिल्यांदा पडदा कितव्या मिनिटाला थिजला ते लिहायचे.

दुपारी ३, गादीवर: १२, ११, १४ वे मिनिट.
दुपारी ३, टेबलावर: ३१, ३४, ३० वे मिनिट.
पहाटे ५.३०, गादीवर: १९, २२, २० वे मिनिट.
पहाटे ५.३०, टेबलावर: तिन्ही वेळा तासभरात एकदाही नाही.

आकडे पाहून मी आईला हाक मारली. टेबलावर दुपारीसुद्धा गादीपेक्षा दुपटीहून जास्त वेळ मिळत होता. पहाटेच्या गार हवेतही गादीवर लॅपटॉप थिजत होता. म्हणजे उन्हाळा दोषी होताच, पण गादी त्याहून जास्त दोषी होती.

कारण असे. बहुतेक लॅपटॉपचा पंखा खालच्या जाळीतून हवा ओढतो. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून कडेच्या पातळ पत्र्यांपर्यंत येते आणि पंखा त्या पत्र्यांमधून हवा बाहेर फेकतो. लॅपटॉप गादीत रुतला की खालची जाळी बंद होते. कूलरची गार हवा मला लागत होती, लॅपटॉपला नाही.

दुरुस्ती

टेबलावर दुपारी तिसाव्या मिनिटाला का होईना, पण तो थिजत होताच. म्हणजे अजून काहीतरी शिल्लक होते. जाळीवर टॉर्च मारली तर आत राखाडी काहीतरी दिसले. मी आईबरोबर सदर बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानातल्या काकांनी मागचे झाकण उघडले. पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. सहा वर्षांत कोणी ते उघडलेच नव्हते. त्यांनी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले आणि हवेच्या फवाऱ्याने धूळ उडवली. पाते मोकळे सोडून हवा मारली तर ते वेड्यासारखे फिरते आणि पंखा खराब होऊ शकतो. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून कडक झाली होती, तीही बदलली. ही पेस्ट प्रोसेसर आणि तांबे यांच्यामधल्या बारीक फटी भरते, म्हणजे उष्णता नीट पुढे जाते. सगळे मिळून साडेतीनशे रुपये झाले.

घरी आल्यावर पुन्हा चाचणी घेतली, कारण दुरुस्ती झाली असे म्हणणे आणि झाली असणे यात फरक आहे. दुपारी ३, टेबलावर: तिन्ही दिवस तासभरात एकदाही नाही. दुपारी ३, गादीवर: २६ व्या मिनिटाला थिजला. म्हणजे सफाई केली तरी गादी ती गादीच. तेव्हापासून टेबल, लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली दोन सारख्या जाडीची पुस्तके, आणि कूलरची झोत टेबलाकडे, पण लॅपटॉपवर सरळ नाही, कारण कूलरच्या हवेत ओल असते. गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चित्रांची मर्यादाही घातली. मर्यादा नसली तर लॅपटॉप उगाच जास्त चित्रे रंगवत बसतो आणि तापतो.

दुसऱ्या दिवशी ठाणे जिंकले. जोधपूरचा मित्र म्हणाला, "पुतळ्यात जीव आला!"

जे दुरुस्त झाले नाही

दुकानात मी काकांना हळूच विचारले होते, की शिफ्टने डिलीट केलेली चित्रे परत मिळतील का. त्यांनी समजावले. अशा डिस्कवर फाइल डिलीट केली की ती लगेच पुसली जात नाही. ती जागा 'मोकळी' अशी नोंद होते, एवढेच. त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत फाइल परत मिळण्याची आशा असते. म्हणून चुकून काही गेले तर त्या डिस्कवर काहीही नवीन टाकायचे नाही, लॅपटॉप बंद करायचा आणि जाणकाराकडे न्यायचा.

मी मात्र त्याच दुपारी अख्खा गेम डाउनलोड केला होता. काकांनी प्रयत्न केला. फाइलींची नावे सापडली, पण चित्रे उघडली नाहीत. नावांत एक होते 'बाबा बर्फात'.

घरी येऊन मी धाकटीसमोर वही ठेवली. बारा चाचण्यांचे पान उघडले आणि म्हणालो, "तुझा प्रोग्रॅम कारण नव्हता. मी गादीवर बसत होतो, ते कारण होतं. मी न बघता तुझी चित्रं काढून टाकली. चूक माझी." तिने पान वाचले आणि विचारले, "हे आधी का नाही केलंस?" यालाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

आईने काही चित्रांचे फोटो काढून बाबांना पाठवले होते. बाबांनी त्यांच्या मोबाइलमधून चार परत पाठवली. चाळीसमधली चार. मी तिचा प्रोग्रॅम पुन्हा टाकला, तिच्यासाठी वेगळा फोल्डर केला आणि त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवायला तिला शिकवले. तो पेन ड्राइव्ह तिच्याकडे असतो, माझ्याकडे नाही. असे तिनेच ठरवले.

थोडक्यात क्रम

ज्यांचा गेम अडकतो त्यांनी हा क्रम ठेवावा.

१. लॅग, थिजणे की क्रॅश, हे आधी ओळखा.
२. दोन दिवस फक्त नोंद करा: वेळ, जागा, चार्जर आणि कितवे मिनिट.
३. दोन पत्त्यांना पिंग करा. जमल्यास गेम नेटशिवाय चालवून पाहा.
४. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क पाहा. ब्राउझर बंद करा.
५. प्रोसेसरचा वेग पाहा. भर कामात तो पडत असेल तर उष्णता तपासा: जागा, जाळी, धूळ.
६. एवढ्याने कारण मिळाले नाही, तर ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा आणि गेमच्या लाँचरमध्ये फाइल तपासण्याची सोय असेल तर ती वापरा. पूर्ण गेम पुन्हा टाकणे शेवटी.
७. एका वेळी एकच बदल करा आणि बदलानंतर पुन्हा मोजा.
८. वॉरंटीत असलेला लॅपटॉप स्वतः उघडू नका. ओले फडके जाळीजवळ नेऊ नका.
९. जे परत आणता येणार नाही ते निदान होईपर्यंत करू नका, आणि दुसऱ्याचे असेल तर विचारल्याशिवाय कधीच नाही.

शेवटचा नियम संगणकाच्या पुस्तकात नाही. तो मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिला आहे. गेल्या रविवारी, सुट्टी संपल्यावर, वसतिगृहातून घरी फोन केला तेव्हा आईने सांगितले की धाकटीने 'बाबा बर्फात' पुन्हा काढायला घेतले आहे. आधीच्यासारखे जमत नाही, असे ती म्हणते. पण या वेळी बर्फात बाबांच्या शेजारी गणवेशातला एक मुलगाही आहे आणि त्याच्या हातात वही आहे.